विश्लेषण : ‘क्वीन’च्या पहिल्या अल्बमचा आवाज ५१ वर्षांनी का बदलला? मुळातले वादन किती कसदार होते?

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’, ‘वुई विल रॉक यू’, ‘वुई आर द चॅम्पियन्स’ ही गाणी इंग्रजी संगीत फारसे न ऐकणाऱ्यांच्याही कानावरून गेलेली असतात. ती देणाऱ्या ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम मात्र अनेक चाहत्यांनीही पूर्ण ऐकलेला नसतो. १३ जुलै १९७३ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या या अल्बमच्या आवाजावर खुद्द बँडच नाराज होता. ही नाराजी पन्नास वर्षे टिकली आणि २५ ऑक्टोबर २०२४ रोजी तोच अल्बम ‘क्वीन वन’ या नावाने, जुन्या फितींवरचा प्रत्येक आवाज नव्याने जुळवून, पुन्हा बाजारात आला. मूळ ध्वनिमुद्रणात बिघडले काय होते, त्या बिघाडाखाली वादन कोणत्या दर्जाचे होते आणि अर्ध्या शतकानंतर अशी दुरुस्ती करावी का, याविषयी…

बँडमध्ये कोण होते?

गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर हे आधी ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये वाजवत. त्या बँडचा गायक टिम स्टाफेल १९७० मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी फ्रेडी बल्सारा आला. त्याने बँडचे नाव ‘क्वीन’ ठेवले आणि स्वतःचे आडनाव बदलून मर्क्युरी केले. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. पुढची वीस वर्षे ती बदलली नाही.

चौघेही शिकलेले होते आणि त्याचा परिणाम त्यांच्या संगीतावर दिसतो. मे लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये भौतिकशास्त्र शिकून खगोलशास्त्रात संशोधन करत होता. बँडपायी अर्धवट राहिलेली ती पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. टेलर दंतवैद्यकाचे शिक्षण सोडून जीवशास्त्राकडे वळला होता. डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी होता. मर्क्युरीने ईलिंग कला महाविद्यालयातून ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले होते. बँडचे सिंह, खेकडा आणि पऱ्या असलेले बोधचिन्ह त्यानेच चौघांच्या राशींवरून रेखाटले. पहिला अल्बम आला तेव्हा हे सगळे २१ ते २६ वर्षांचे होते.

स्टुडिओ कसा मिळाला?

या अल्बमची गोष्ट एका नव्या इमारतीपासून सुरू होते. लंडनच्या वेम्ब्ली भागात डी लेन ली या स्टुडिओची नवी जागा तयार झाली होती. एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत झिरपतो का, हे तपासायला तिथे मोठ्या आवाजात वाजवणारा बँड हवा होता. ‘क्वीन’ने हे काम पत्करले. मोबदल्यात १९७१ च्या अखेरीस त्यांना पाच गाण्यांचे नमुना ध्वनिमुद्रण फुकट करून मिळाले.

पुढची पायरी होती सोहो भागातला ट्रायडंट स्टुडिओ. हे नाव तेव्हा मोठे होते. बीटल्सचे ‘हे जूड’ १९६८ मध्ये इथेच मुद्रित झाले आणि डेव्हिड बोवीचे ‘हंकी डोरी’ व ‘झिगी स्टारडस्ट’ हे अल्बमही इथलेच. ट्रायडंटने ‘क्वीन’ला करारबद्ध केले, पण पैसे मोजून येणाऱ्या कलाकारांना प्राधान्य होते. त्यांचे काम आटोपले की उरलेल्या वेळेत, बहुतेकदा रात्री उशिरा, ‘क्वीन’ची पाळी येई. कधी दोन तास, कधी पहाटेपर्यंत. आज एक गाणे सुरू करायचे आणि पुढचा टप्पा कधी मिळेल याची वाट पाहायची, अशा तुकड्यातुकड्यांनी हा अल्बम झाला. जॉन अँथनी आणि रॉय थॉमस बेकर हे बँडच्या बरोबरीने निर्माते होते. पुढे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घडवणारा बेकर तो हाच. १२ एप्रिल २०२५ रोजी त्याचे निधन झाले.

बिघडले काय?

मुख्य तक्रार ड्रमची. ती समजण्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. गाद्या-उशा भरलेल्या खोलीत टाळी वाजवा आणि मग रिकाम्या सभागृहात वाजवा. पहिल्या ठिकाणी टाळी ‘टप’ होऊन तिथेच विझते. दुसऱ्या ठिकाणी ती पसरते आणि कानाला मोठी वाटते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अनेक स्टुडिओंना पहिल्या प्रकारचा कोरडा आवाज आवडे. ड्रम एका छोट्या बंदिस्त कोपऱ्यात ठेवायचे, त्यांच्या कातड्यावर चिकटपट्टी लावून घुमणे बंद करायचे, म्हणजे इतर वाद्यांच्या माइकमध्ये त्यांचा आवाज शिरत नाही. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हे सोयीचे. ट्रायडंटची पद्धत हीच होती.

‘क्वीन’ला नेमके उलटे हवे होते. ड्रम खोलीच्या मधोमध ठेवावेत, भिंतींवरून परतणारा आवाजही फितीवर यावा, श्रोत्याला आपण बँडसमोर उभे आहोत असे वाटावे, ही त्यांची इच्छा. ती अवास्तव नव्हती. लेड झेपेलिनने १९७१ मध्ये ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी एका जुन्या घराच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत ड्रम ठेवून, माइक वरच्या मजल्यावरून टांगून तसा आवाज मिळवला होता. पण ते नावाजलेले होते. रात्री उरलेल्या वेळेत आलेल्या नवख्या मुलांचे ऐकून स्टुडिओची मांडणी बदलायला कुणी तयार नव्हते.

या वादाचा पुरावा अल्बममध्येच आहे. ‘द नाइट कम्स डाउन’ हे गाणे ट्रायडंटमध्ये पुन्हा मुद्रित करण्यात आले, पण बँडला वेम्ब्लीतले जुने नमुना ध्वनिमुद्रणच जास्त आवडले. अल्बमवर तेच घेतले गेले. मिश्रणातही अडचणी आल्या. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’चे मिश्रण अनेकदा करूनही कुणाचे समाधान होईना. अखेर माइक स्टोन या तरुण तंत्रज्ञाने केलेले मिश्रण मान्य झाले.

मग वादनात विशेष काय?

आवाज कोरडा असला तरी हात कसलेले होते. पहिले उदाहरण ब्रायन मेच्या गिटारचे. विकतची चांगली गिटार परवडत नव्हती म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने १९६३ पासून सुमारे दोन वर्षे खपून ती घरी बनवली. मान जुन्या शेकोटीच्या लाकडी चौकटीतून कोरली. सुरांच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे वापरली. तारा ढिल्या-ताणलेल्या करण्याच्या दांड्याला जुन्या मोटरसायकलच्या स्प्रिंग बसवल्या. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार तो आजही वाजवतो आणि वाजवताना प्लास्टिकच्या नखीऐवजी सहा पेन्सचे जुने नाणे वापरतो. नाण्याची कड तारेला किंचित खरवडते, त्यामुळे सुराच्या आरंभी एक दाणेदार स्पर्श येतो.

या गिटारची खरी ताकद तिच्या तीन पिकअपमध्ये आहे. तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणाऱ्या या भागांना प्रत्येकी स्वतंत्र बटणे आहेत. त्यांच्या वेगवेगळ्या जोड्या करून कधी सनईसारखा अरुंद, कधी व्हायोलिनसारखा गोल आवाज काढता येतो. असे वेगवेगळे आवाज एकावर एक मुद्रित करून मेने एकट्याच्या गिटारमधून वाद्यवृंद उभा करायला याच अल्बमपासून सुरुवात केली. ऐकणाऱ्यांना हे सिंथेसायझर वाटेल, या शंकेने अल्बमच्या वेष्टनावर मुद्दाम छापले गेले की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही.

‘द नाइट कम्स डाउन’मधली साधी, विजेविना वाजणारी गिटार आपल्या कानांना ओळखीची वाटेल. मेने त्या जुन्या, स्वस्त गिटारच्या तारा घोडीपाशी किंचित झणझणाव्यात अशी व्यवस्था केली होती. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या जवारीतून जी झणक येते, तिच्या जवळ जाणारा हा आवाज आहे. मिरजेचे कारागीर जवारी लावण्यासाठी तासन् तास घोडी घासत बसतात. लंडनमधला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी त्याच परिणामाकडे आपल्या मार्गाने पोहोचला होता.

मर्क्युरीच्या पियानोची सुरुवात पाचगणीत?

या अल्बमचा महाराष्ट्राशी असलेला खरा धागा इथे लागतो. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेल्या फारुख बल्साराला आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात पाठवण्यात आले. तिथे तो रीतसर पियानो शिकला. १९५८ मध्ये शाळासोबत्यांबरोबर त्याने ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. गंमत म्हणजे जगातल्या सर्वोत्तम रॉक गायकांत ज्याची गणना होते, तो या बँडमध्ये मुख्य गायक नव्हता, पियानो वाजवत होता. १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि पुढल्याच वर्षीच्या क्रांतीनंतर बल्सारा कुटुंब इंग्लंडला गेले.

विशेष म्हणजे ‘क्वीन’च्या इतर तिघांनाही त्याच्या पियानोचा अंदाज उशिरा आला. सुरुवातीच्या कार्यक्रमांत तो प्रामुख्याने गात असे. ‘माय फेअरी किंग’ हे गाणे स्टुडिओत रचताना त्याने पियानोवर बसून एकामागून एक तुकडे जोडले, तेव्हा आपला गायक किती मोठा वादक आणि रचनाकार आहे हे उमगले, असे मेने नंतर सांगितले आहे. इंग्रज कवी रॉबर्ट ब्राउनिंगच्या पुंगीवाल्याच्या गोष्टीवरील कवितेचे संस्कार या गाण्यावर आहेत. मर्क्युरी हे आडनावही याच गाण्यातल्या एका ओळीवरून सुचले, असे मे सांगतो. ताल बदलत, स्वरांचे थर रचत, मध्येच शांत होऊन पुन्हा उसळणारी ही रचना ऐकली की दोन वर्षांनी आलेल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ची पूर्वतयारी कुठे झाली, हे कळते.

कोणत्या गाण्यात काय ऐकावे?

मोबाइलच्या स्पीकरवर या अल्बममधले निम्मे काम ऐकूच येत नाही. इअरफोन लावून ऐकलेले बरे.

‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ : सुरुवातीला एकटी गिटार, तारांवर हात दाबून केलेल्या खरखरीत ठेक्यात. आवाज फिरत्या पंख्यातून आल्यासारखा घुसळतो. हा फेझिंग नावाचा परिणाम. मग एकेक वाद्य येते. मध्ये ड्रमचा छोटा तुकडा संपल्यावर टेलर आणि मे एकेक ओळ गातात. गाण्यात मुख्य गायकाला बाजूला ठेवून इतरांना जागा देणे नवख्या बँडमध्ये क्वचितच दिसते.

‘डुइंग ऑल राइट’ : हे ‘स्माइल’च्या काळातले, मे आणि स्टाफेलचे गाणे. हळुवार पियानो आणि दबक्या आवाजात सुरू होऊन ते अचानक जोरकस रॉकमध्ये उडी घेते. मऊ आणि कठोर यांतले अंतर किती झटक्यात कापता येते, ते इथे पाहावे.

‘ग्रेट किंग रॅट’ : पावणेसहा मिनिटांच्या या गाण्यात लय सतत बदलते. डीकन आणि टेलर प्रत्येक वळणावर एकत्र पोहोचतात. तबला आणि लेहरा एकमेकांना धरून समेवर येतात, तशी ही जोडी ऐकावी.

‘लायर’ : सहा मिनिटांहून मोठे, प्रत्यक्ष कार्यक्रमांसाठी घडवलेले गाणे. डीकनचा बास एरवी मागे राहून इमारत तोलतो. या गाण्याच्या उत्तरार्धात तो काही क्षण पुढे येतो, तेव्हा इतका वेळ कोण भार उचलत होते ते समजते.

‘मॉडर्न टाइम्स रॉक अँड रोल’ : टेलरने लिहिलेले आणि गायलेले, जेमतेम पावणेदोन मिनिटांचे. त्याचा खरबरीत आवाज आणि ‘माय फेअरी किंग’मधल्या त्याच्या अतिउंच किंकाळ्या एकाच गळ्यातून आल्या आहेत. ‘क्वीन’चा समूहस्वर भरदार का वाटतो, याचे उत्तर यात आहे. मर्क्युरी, मे आणि टेलर असे तीन वेगळ्या पोताचे गळे प्रत्येक स्वर एकत्र गात आणि तो स्वर पुनःपुन्हा मुद्रित करून जाड केला जाई.

‘सन अँड डॉटर’ : संथ, जड पावलांचे गाणे. कार्यक्रमांत याच गाण्याच्या मध्ये मे जे लांबलचक गिटारवादन करी, ते पुढे १९७४ च्या ‘ब्रायटन रॉक’मध्ये स्थिरावले.

‘सेव्हन सीज ऑफ राय’ : अल्बमच्या अखेरीस पियानोने सुरू होणारा सव्वा मिनिटाचा, शब्दांविना असलेला तुकडा. गाणे तोवर पूर्ण झालेच नव्हते. ते दुसऱ्या अल्बमवर पूर्ण रूपात आले आणि ‘क्वीन’चे इंग्लंडमधले पहिले लोकप्रिय गाणे ठरले.

इतके असून अल्बम चालला का नाही?

पहिले कारण उशीर. अल्बमचे काम १९७२ च्या अखेरीस बहुतांश संपले होते. पण ट्रायडंटच्या योजनेनुसार तयार फीत घेऊन ध्वनिमुद्रिका कंपनी शोधायची होती. ईएमआयशी व्यवहार होऊन अल्बम दुकानांत पोहोचेपर्यंत १९७३ चा जुलै उजाडला. मधल्या काळात इंग्लंडमधल्या रॉकची फॅशन पुढे सरकली होती. जे संगीत रचताना नवे होते, ते प्रसिद्ध होताना इतरांच्या मागून आल्यासारखे वाटले.

दुसरे कारण रेडिओ. ‘कीप युवरसेल्फ अलाइव्ह’ हे पहिले सुटे गाणे ६ जुलै १९७३ रोजी आले. आवाज सुरू व्हायच्या आधीचा वाद्यांचा भाग फार लांब आहे, असा आक्षेप त्यावर घेतला गेल्याचे सांगितले जाते. गाणे इंग्लंडच्या विक्रीयादीत आलेच नाही. अल्बमही सुरुवातीला यादीबाहेर राहिला. १९७४ मध्ये ‘क्वीन टू’ हा दुसरा अल्बम पाचव्या क्रमांकापर्यंत आणि ‘सेव्हन सीज ऑफ राय’ दहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तेव्हा लोक मागे वळून पहिल्या अल्बमकडे आले आणि तो २४ व्या क्रमांकापर्यंत गेला.

२०२४ मध्ये नेमके काय केले?

आपल्याकडे रीमिक्स म्हटले की जुन्या हिंदी गाण्याला लावलेला नाचाचा ठेका आठवतो. इथे तो अर्थ नाही. ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक वाद्य आणि आवाज रुंद फितीवरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर नोंदवला जातो. ट्रायडंटमध्ये अशा १६ पट्ट्या होत्या. नंतर प्रत्येक पट्टीचा आवाज किती ठेवायचा, तो डाव्या कानाला द्यायचा की उजव्या, त्यात घुमारा किती, हे ठरवून दोन पट्ट्यांची अंतिम फीत बनते. हे मिश्रण.

रीमास्टर आणि रीमिक्स यांतला फरक स्वयंपाकघरातून चटकन कळतो. तयार आमटीवर वरून फोडणी देणे म्हणजे रीमास्टर. तीच शिजलेली डाळ आणि तोच मसाला वेगवेगळा हाताशी घेऊन आमटी पुन्हा करणे म्हणजे रीमिक्स. रीमास्टरने अल्बमचा एकूण आवाज उजळतो, पण ड्रम एकट्याने मोकळे करता येत नाहीत. म्हणून आधीच्या रीमास्टर आवृत्त्यांनी मूळ तक्रार सुटली नव्हती.

२०२४ मध्ये जस्टिन शर्ली-स्मिथ, जोशुआ मॅक्रे आणि क्रिस फ्रेडरिक्सन यांनी मे आणि टेलर यांच्या देखरेखीखाली मूळ पट्ट्यांपासून सुरुवात केली. वादन तेच ठेवून प्रत्येक वाद्याचा आवाज आजच्या तंत्राने तपासला आणि बँडला तेव्हा हवा होता तसा मोकळा केला. मे याला नुसती सफाई म्हणत नाही, पुनर्बांधणी म्हणतो. फरक पहिल्या गाण्यापासूनच जाणवतो. टेलरचे ड्रम खोलीत आल्यासारखे वाटतात, बासचा तळ स्पष्ट होतो आणि एकमेकांवर चढलेल्या गिटारी सुट्या ऐकू येतात.

सहा सीडी आणि एका ध्वनिमुद्रिकेच्या या संचात ६३ ध्वनिमुद्रणे आहेत. वेम्ब्लीतले नमुने, स्टुडिओतले फसलेले प्रयत्न आणि गप्पा, गायनाविना वाद्यांचे मुद्रण, बीबीसीसाठीचे वादन आणि ऑगस्ट १९७० मधल्या लंडनच्या कार्यक्रमासह काही थेट मैफली त्यात आहेत. गायनाविना असलेली सीडी शिकणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी. आवाज काढून टाकल्यावरही गाणे उभे राहते का, ही वादकाची खरी परीक्षा. या अल्बममधली गाणी त्या परीक्षेत उत्तीर्ण होतात.

वगळलेले गाणे कोणते?

‘मॅड द स्वाइन’ हे मर्क्युरीचे गाणे १९७२ मध्ये मुद्रित झाले होते, पण त्यातल्या ड्रमच्या आवाजावरून निर्मात्याशी मतभेद झाले आणि ते अल्बमबाहेर राहिले. १९९१ मध्ये ‘हेडलाँग’ या गाण्याच्या जोडीला ते प्रथम प्रसिद्ध झाले. नव्या आवृत्तीत ते ‘ग्रेट किंग रॅट’ आणि ‘माय फेअरी किंग’ यांच्या मध्ये, मूळ ठरलेल्या जागी आले आहे. ड्रमचा वाद किती टोकाचा होता, याचे हे उदाहरण.

दुरुस्तीवर आक्षेप काय?

आक्षेप तीन आहेत आणि तिन्ही दखल घेण्याजोगे आहेत. पहिला : हे कुणाच्या मनासारखे? चौघांपैकी मर्क्युरीचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन झाले. डीकन नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून सार्वजनिक जीवनापासून दूर आहे. म्हणजे निर्णय दोघांचा, तोही सत्तरी ओलांडल्यावरचा. पंचविशीतल्या मुलांना काय हवे होते, ते पंचाहत्तरीतल्या माणसांच्या आठवणीतून ठरवले गेले.

दुसरा : अडचणीही कलाकृतीचा भाग असतात. पुढच्या अल्बमसाठी आधी नीट वेळ मिळावा, हा आग्रह बँडने याच अनुभवातून धरला. ‘क्वीन टू’चे भव्यपण हे पहिल्या अल्बमच्या कोंडीला दिलेले उत्तर होते. कोंडीच पुसली तर उत्तराचा अर्थ कमी होतो. शिवाय कोरडे ड्रम हा त्या काळाचा स्वर आहे. तो ऐकून सन ओळखता येते.

तिसरा व्यावहारिक : जुन्या गाण्यांचा बाजार आता मोठा आहे. ‘क्वीन’च्या गाण्यांचे हक्क सोनी म्युझिकने प्रचंड किमतीला घेतल्याच्या बातम्याही २०२४ मध्येच आल्या. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’चे २०१७ मध्ये नवे मिश्रण आले, त्यानंतर असे महागडे संच काढण्याची रीतच पडली. ‘क्वीन वन’च्या सहा सीडींमध्ये १९७३ चे मूळ मिश्रण नाही, ही बाब म्हणूनच खटकते. ज्याची दुरुस्ती केली ते शेजारी ठेवले असते, तर श्रोत्याला स्वतः तुलना करता आली असती.

मग कोणता अल्बम ऐकावा?

‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत होऊन आला, तेव्हाही असाच वाद झाला होता. रंगीत प्रतीमुळे नवे प्रेक्षक मिळाले, पण बहुतांशी कृष्णधवल असलेला १९६० चा चित्रपट उपलब्ध राहिला म्हणून नुकसान झाले नाही. इथेही कसोटी तीच. नवी आवृत्ती जुनीच्या जोडीला आली तर तो लाभ आहे, जागेवर आली तर तोटा. आज बहुतेकजण गाणी विकत घेत नाहीत, ॲपवर शोधतात. तिथे यादीत वर जे दिसते तेच पुढच्या पिढीसाठी ‘मूळ’ ठरते. म्हणून शोधताना नावाकडे लक्ष द्यावे. नुसते ‘क्वीन’ असेल तर जुने मिश्रण, ‘क्वीन वन’ आणि पुढे २०२४ असेल तर नवे.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने नव्या मिश्रणापासून सुरुवात करावी. चौघे काय वाजवत आहेत, ते त्यात स्वच्छ कळते. मग एकदा १९७३ चे ऐकावे. कोरड्या ड्रममागून, दाटीवाटीतून तीच ताकद बाहेर पडायला धडपडताना ऐकू येते. नव्या आवृत्तीत एकही सूर नव्याने वाजवून वादन सुधारण्याची गरज पडली नाही. रात्री उरलेल्या तासांत, दुसऱ्याच्या मर्जीने मिळालेल्या स्टुडिओत मुद्रित केलेले वादन अर्ध्या शतकानंतर उघडे करून दाखवावे इतके भक्कम होते, हेच या पुनर्बांधणीने सिद्ध केले.